घरच्या अंगणात मारुती ८०० चं इंजिन उतरवून दुसरं टाकायचंय, स्वतः शिकून जमेल का? (इंदूर)

अठ्ठ्याण्णवची_आठशे

नमस्कार मंडळी. मी सुदामानगरात राहतो. बाबांची १९९८ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, एसी नाही. नोंदणी रिन्यू करून करून २०२८ पर्यंत आहे, पत्रा एकदम ठणठणीत, पण इंजिन थकलंय. ऑइल पिऊन राहिली आहे, पंधरा दिवसांत पाऊण लिटर सहज जातं, अॅक्सिलरेटर दाबला की मागे निळा धूर आणि चढावर दम सोडते. मागच्या महिन्यात ओंकारेश्वरला निघालो होतो तर भैरव घाटात दुसऱ्या गिअरवर पण चढेना, शेवटी आईला आणि मावशीला उतरवून पहिल्यावर वर नेली, त्या दोघी मागून चालत आल्या. मला फार वाईट वाटलं.

मिस्त्री म्हणाले इंजिन खोलून काम करण्यापेक्षा कबाडातनं दुसरं आणतो आणि दोन दिवसांत टाकून देतो. मला ते स्वतः करायचंय. पैसे वाचवायचे म्हणून नाही. बाबा आता ७४ चे आहेत, गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, पण ही गाडी त्यांनी आयुष्यभर स्वतः सांभाळली, दर रविवारी प्लग साफ करणं, कार्बोरेटर, ब्रेक, सगळं अंगणात, आणि मी नुसता पाना हातात देत उभा असायचो. ते शेजारी खुर्ची टाकून सांगायला आहेत तोवर एकदा हे इंजिन माझ्या हाताने बाहेर यावं असं मनापासून वाटतं.

आजपर्यंत मी ऑइल-फिल्टर, ब्रेक शू, क्लच केबल आणि एकदा वॉटर पंप एवढं केलेलं आहे. गोटी सेट आहे, रिंग पाने आहेत, एक जॅक आहे. अंगण अर्धं फरशीचं आणि अर्धं मातीचं. इंजिन टांगायला काय वापरू, किती दिवस धरू आणि कबाडातलं इंजिन घेताना काय बघू ते सांगा प्लीज. वरच्या गॅलरीच्या लोखंडी अँगलला टांगायचा विचार होता.

लोकमान्यनगर

अँगलला टांगू नका दादा, आधी तेच सांगतो. गॅलरीचा अँगल कपडे वाळवायला असतो.

दुसरं म्हणजे इंजिन खराब आहे हे कुणी मोजलं का? का नुसता धूर बघून ठरवलं? सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर एकदा भपकन निळा धूर येऊन मग बंद होत असेल तर ते वॉल्व्हचे सील असतात, त्यासाठी इंजिन उतरवायची गरजच नाही. चालताना सारखा येत असेल, जोर दिला की वाढत असेल, तर रिंगा आणि बोअर, म्हणजे पिस्टनवरच्या कड्या आणि सिलिंडरची आतली भिंत झिजलेली. पांढरा धूर आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पट्टी. कंप्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, आणा, सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत मिळून जाईल, आणि मोजून इथे आकडे टाका.

पीथमपूर_फिटर

लोकमान्यनगरवाल्यांनी बरोबर सांगितलं. मी पीथमपूरला २६ वर्षं इंजिन असेंब्लीवर होतो, आता रिटायर आहे, घरी ८०० आणि ओम्नी दोन्हीची इंजिनं उतरवली आहेत. बाळा तुला जमेल, वॉटर पंप ज्याने स्वतः बदलला त्याला हे जमतं, फक्त घाई नको.

कंप्रेशन असं बघ. गाडी चालवून इंजिन गरम कर, बॅटरी फुल हवी, मग तिन्ही प्लग काढ, कॉइलची वायर काढून ठेव म्हणजे स्पार्क उडणार नाही, आजूबाजूला पेट्रोलचा वास असतोच. एक जण आत बसून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवणार आणि स्टार्टर मारणार, पाच-सहा फेरे, काटा जिथे थांबेल ते लिही. तिन्हींचं लिही. मग प्रत्येक प्लगच्या भोकातून एक चमचा इंजिन ऑइल आत सोड आणि परत मोज. ऑइल टाकल्यावर आकडा चढला तर रिंगांतून हवा जात होती, ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजवली. चढला नाही तर वॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. एवढं केल्याशिवाय एक नट सुद्धा ढिला करू नकोस.

आणि हो, बाबांना खुर्ची टाकून दे. स्टार्टरच्या आवाजावरून सुद्धा जुन्या माणसाला कळतं कुठला सिलिंडर ढिला आहे, तीन झटक्यांतला एक झटका हलका येतो.

देवासकर

कबाडातल्या इंजिनाबद्दल मला बोलायचंय कारण आमच्या घरी झालंय हे. माझ्या काकांनी त्यांच्या ८०० मधे एका कबाडीवाल्याकडचं इंजिन टाकून घेतलं, गाडी चांगली चालली चार वर्षं, कुणी काही विचारलं नाही. मग १५ वर्षं पूर्ण झाल्यावर रिन्यूला गाडी नेली तर तिथे इंजिन नंबर प्रत्यक्ष बघतात, आरसीवर एक आणि ब्लॉकवर दुसरा. बिल नव्हतं, कबाडीवाल्याचा पत्ता नव्हता, ते इंजिन ज्या गाडीतलं होतं तिची आरसी रद्द झाली होती की ती चोरीची होती तेही काकांना सांगता येईना. किती चकरा मारल्या, माणूस झोपत नव्हता रात्री. शेवटी गाडी भंगारात दिली. चांगली गाडी होती हो.

नियम असा आहे की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात हे सगळं येतं, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, आणि बदलल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीवर नवीन नंबर चढवून घ्यायचा. म्हणजे इंजिन घेताना बिल हवं, त्या जुन्या गाडीचे कागद हवेत. विम्याचं पण आहे, अपघात झाला आणि नंबर जुळला नाही तर क्लेम अडकतो. हे सगळं हातात असेल तरच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

राजेंद्रनगरवाली

मी दोन वर्षांपूर्वी भावाबरोबर आमच्या झेनचं इंजिन घरी उतरवलं होतं, त्यामुळे एक गोष्ट सांगते जी कुणी सांगत नाही. इंजिन काढताना काही कठीण वाटत नाही, कठीण जातं परत लावताना, कारण मधे तीन आठवडे गेलेले असतात आणि कुठली वायर कुठे होती ते तुम्ही विसरलेले असता.

आम्ही काय केलं सांगते, प्रत्येक वायर आणि पाइप काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, एक लांबून आणि एक जवळून, मग मास्किंग टेपचा तुकडा दोन्ही टोकांना आणि दोन्हीवर सारखा नंबर. दोन्ही टोकांना, एकाला नाही. बोल्टसाठी आईकडून रिकाम्या श्रीखंडाच्या डब्या घेतल्या, प्रत्येक डबीवर लिहिलं डावं माउंटिंग, स्टार्टर, सायलेन्सर पाइप वगैरे. गिअरबॉक्सचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात, त्यामुळे पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचा गोल काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवला. हे इतकं कामाला आलं की मी आजही मिक्सर खोलते तरी पुठ्ठा घेऊन बसते.

व्हॅक्यूमचे बारीक रबरी पाइप २५ वर्षांनी कडक झालेले असतात, ओढू नका, तुटतील. कापून नवीनच टाका, मीटरवर मिळतात.

अठ्ठ्याण्णवची_आठशे

सगळ्यांचे खूप आभार. काल रविवारी मोजलं. आकडे पीएसआयमधे (दाबाचं माप):

कोरडे: १ नंबर १४८, २ नंबर ९२, ३ नंबर १४०.
ऑइल टाकून: १ नंबर १५५, २ नंबर १३२, ३ नंबर १५०.

मी लिहायच्या आधीच बाबा म्हणाले मधला गेलाय. काका तुम्ही म्हणालात तसंच झालं, आवाजावरून.

देवासकर तुमचं वाचून पोटात गोळा आला. आमच्या मिस्त्रींना बिलाचं विचारलं तर म्हणाले बिल कोण देतो. आता काय करू?

पीथमपूर_फिटर

आता तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर देतो. दुसरं इंजिन आणूच नकोस. तुझं स्वतःचंच उतरव, बोअर करून घे, म्हणजे सिलिंडर आतून किंचित मोठे कापून घे, आणि तेच परत बसव.

का ते ऐक. मधल्याचा आकडा ऑइल टाकल्यावर ४० ने चढला म्हणजे रिंगा आणि बोअर गेलेत, हेड मूळचं ठीक दिसतंय. तुझा ब्लॉक तुझाच राहिला तर त्याच्यावर ठोकलेला नंबर तोच राहतो, आरसीवर तोच आहे, आरटीओचा काही प्रश्नच येत नाही. आणि कबाडातलं इंजिन म्हणजे दुसऱ्याने थकवलेलं इंजिन, त्याचं कंप्रेशन तू मोजलेलं नाहीस. उतरवायचं काम दोन्हीकडे तेवढंच आहे, तुला शिकायचं होतं ते सगळं शिकायला मिळेल, उलट जास्तच. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन आहे, वॉल्व्ह उघडणारा बेल्टवाला एकच कॅम, पेट्रोल पंप सुद्धा हेडवर लावलेला मेकॅनिकल. घरी शिकायला यापेक्षा सोपं इंजिन मला माहीत नाही. आणि बाबांचं इंजिन बाबांच्याच गाडीत राहील, ते वेगळंच.

आता टांगायचं. लोहामंडीतून अडीच इंची जाड पाइप तीन आण, दहा-दहा फुटांचे, वर एका मजबूत बोल्टने बांधून तिवई कर, तिला एक टनाची चेनकुप्पी (साखळीने वजन उचलायची कप्पी) लाव. चेनकुप्पी माझ्याकडे आहे, घेऊन जा. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून १०० किलोच्या वरच आहे असं धरून चाल, एक टनाची कुप्पी हे सहज उचलते, धोका कुप्पीचा नसतो, धोका पाय सरकण्याचा असतो. फरशीवर पाइपचे पाय बाहेर सरकतात, म्हणून तिन्ही पाय खालून साखळीने एकमेकांना बांध. मातीच्या बाजूला लावणार असशील तर पायाखाली जाड फळ्या घाल, आपली काळी माती वरून दगडासारखी दिसते पण पाणी पडलं की लोण्यासारखी दबते. जॅक स्टँड घ्यायलाच लागतील, चार घे, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, विटांवर तर मुळीच नाही, वीट आधी तडकत नाही, एकदम फुटते. माझ्यासमोर एकाचा हात गेलाय तसा. पावसाळा संपल्यावर काम काढ.

लोकमान्यनगर

काका बरोबर. मी एवढंच जोडतो की पेट्रोलचे पाइप काढले की त्यात बोल्ट घालून क्लिप मारा, कार्बोरेटरवाल्या गाडीत येणारा आणि परत जाणारा असे दोन असतात, दोन्ही. जवळ वाळूची बादली ठेवा. आणि अंगणात त्या दिवशी शेगडी, अगरबत्ती, बिडी काहीच नाही.

अठ्ठ्याण्णवची_आठशे

ठरलं, तसंच करतो. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस काढलेत. काका एकदा क्रम सांगाल का, कशानंतर काय? इंजिन एकटं काढू की गिअरबॉक्ससकट? इथले मिस्त्री गिअरबॉक्स आधी खालून काढतात.

पीथमपूर_फिटर

मिस्त्रींकडे खड्डा किंवा लिफ्ट असते म्हणून ते खालून काढतात. तू गिअरबॉक्ससकट वरून काढ. गाडीखाली पाठीवर झोपून गिअरबॉक्स छातीवर घेऊन परत बसवणं हे नव्या माणसाचं काम नाही. दोन्ही बाहेर आले की फरशीवर बसून आरामात वेगळे कर आणि आरामात जोड.

आदल्या दिवशी सायलेन्सरच्या पुढच्या पाइपच्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेव, दोन-तीनदा. ते नट तुटले की सगळा दिवस त्यातच जातो.

बॅटरीचा निगेटिव्ह पहिला. मग बॉनेट, बिजागरीच्या कडेने मार्करने रेघ ओढून मग बोल्ट ढिले कर म्हणजे परत लावताना तंतोतंत बसेल, आणि काढायला दोघं लागा नाहीतर काच फुटेल. पाणी काढ, इंजिन ऑइल काढ, गिअर ऑइल काढ. एअर क्लीनर, रेडिएटर, हीटरचे पाइप. अॅक्सिलरेटर, चोक, क्लच, स्पीडोमीटर या चार केबल. वायरिंगमधे स्टार्टर, अल्टरनेटर, ऑइल प्रेशरचा स्विच, पाण्याच्या तापमानाचा सेंडर, डिस्ट्रिब्युटर, रिव्हर्स लाइटचा स्विच आणि बॉडीला जाणारी अर्थची पट्टी. ही अर्थची पट्टी सगळे विसरतात, काढताना नाही तर लावताना, आणि मग स्टार्टर फिरत नाही म्हणून रडत बसतात. खालून सायलेन्सरचा पाइप आणि गिअरचे दोन रॉड.

ड्राइव्ह शाफ्टचं नीट ऐक. बॉल जॉइंट सोडवून आतलं टोक गिअरबॉक्समधून बाहेर ओढ, बाहेरचं टोक चाकातच राहू दे आणि शाफ्ट तारेने बाजूला बांधून बॉल जॉइंट परत लावून टाक. का, तर इंजिन वर घेतल्यावर तिवई हलवायची नसते, गाडी मागे ढकलायची असते. लटकतं वजन जागच्या जागी राहिलं पाहिजे. चाकं फिरती हवीत त्यासाठी.

साखळी इंजिनच्या हुकांना लाव, कार्बोरेटर किंवा मॅनिफोल्डला गुंडाळू नकोस. थोडा ताण दे, मग माउंटिंगचे बोल्ट काढ, आधी नाही. वर घेताना चार बोटं उचल, थांब, चारी बाजूंनी हात फिरवून बघ काही अडकलंय का, परत चार बोटं. एखादी वायर राहिलेलीच असते. लटकत्या इंजिनखाली हात नाही, पाय नाही, काहीच नाही.

राजेंद्रनगरवाली

आणि मुलं, कुत्री, शेजारचे काका सगळे अंगणाबाहेर. आमच्याकडे बघायला अर्धी गल्ली आली होती, भावाने दोरी बांधून टाकली.

अठ्ठ्याण्णवची_आठशे

निघालं!!! आज दुपारी साडेतीनला. तीन दिवस लागले, त्यातला एक दिवस सायलेन्सरच्या एका नटावर गेला, काका म्हणाले होते तसंच. वर घेताना सहा इंचांवर अडकलं, बघितलं तर रिव्हर्स लाइटची वायर राहिली होती. मी, मावसभाऊ आणि समोरचे दोन मित्र असे चौघं होतो. बाबा खुर्चीवरून उठून काठी घेऊन पुढे आले आणि इंजिनावर हात ठेवून उभे राहिले, काही बोलले नाहीत. २५ वर्षांत त्यांनी ते असं सगळ्या बाजूंनी कधी बघितलंच नव्हतं.

हेड काढलं. मधल्या सिलिंडरमधे बोट फिरवलं तर वरच्या बाजूला पायरी लागते, नखाला अडकते, आणि एका बाजूला उभे ओरखडे आहेत. आता पुढे?

पीथमपूर_फिटर

शाब्बास. ती पायरी म्हणजे रिंग जिथवर जाते तिथवर बोअर झिजला आणि वरचा भाग तसाच राहिला.

कनेक्टिंग रॉडच्या टोप्या काढायच्या आधी रॉड आणि टोपी दोन्हीवर सेंटर पंचने खूण कर, पहिल्याला एक टिंब, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. त्या टोप्या कधीच अदलाबदल व्हायला नकोत आणि उलट्या लागायला नकोत.

बोरिंगवाल्याकडे ब्लॉक, क्रँक आणि हेड तिन्ही ने. तो बोअर मोजेल, ०.२५ मिलिमीटरमधे साफ होतंय का ०.५० ला जावं लागतंय ते सांगेल. एक सिलिंडर खराब असला तरी तिन्ही एकाच मापाचे करायचे. आणि हे लक्षात ठेव, पिस्टन आधी विकत घे, त्याच्या हातात दे आणि मग बोअर करायला सांग. पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करतात, नुसत्या मापाच्या नावावर नाही. क्रँकच्या जर्नलवर (बेरिंग बसतं त्या गोल भागावर) नख फिरवून बघ, रेघ लागली तर ग्राइंडिंग आणि त्या मापाचे शेल, म्हणजे बेरिंगच्या अर्धगोल पट्ट्या. हेड अॅल्युमिनियमचं आहे, सरळ पट्टी ठेवून वाकलंय का बघायला सांग, वॉल्व्ह घासून नवीन सील टाकून घे.

ब्लॉक घरी आला की आईला सांगून गरम पाणी आणि कपडे धुवायचा साबण घे आणि ब्रशने बोअर धू. पेट्रोलने नाही, साबणाने. होनिंगची (बोअर शेवटी दगडाने घासतात त्याची) बारीक भुकटी घासलेल्या रेघांमधे बसलेली असते, पेट्रोलने ती निघत नाही. पांढरं फडकं आत फिरवून पांढरंच बाहेर येईपर्यंत धुवायचं. मग लगेच कोरडं करून ऑइल चोपड, दहा मिनिटं तसंच ठेवलं तर गंज धरतो. लोक बोरिंगला पैसे घालतात आणि हे करत नाहीत, मग सहा महिन्यांत रिंगा परत गेल्या म्हणून बोरिंगवाल्याशी भांडतात.

बाहेर आहेच तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेरिंग, क्रँकच्या मागचं ऑइल सील, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट नवीन टाक.

लोकमान्यनगर

माउंटिंगची रबरं पण.

अठ्ठ्याण्णवची_आठशे

(तीन आठवड्यांनी)

०.५० लागलं. क्रँक सुदैवाने चांगला निघाला, नुसता पॉलिश केला. ब्लॉक मी पाच वेळा धुतला, पाचव्यांदा फडकं पांढरं निघालं.

काल रिंगा बसवल्या, त्यांच्या फटींची तोंडं एकमेकांसमोर येणार नाहीत अशी फिरवून. हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने, मधून बाहेर, तीन टप्प्यांत. टायमिंगच्या खुणा (क्रँक आणि कॅम जुळवायच्या) बाबांनी भिंग घेऊन दोनदा तपासल्या आणि मग हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून परत तपासल्या.

पण गिअरबॉक्स इंजिनाला बसेना. अर्धा इंच फट राहतेय. बोल्ट घट्ट करून ओढून घेऊ का?

पीथमपूर_फिटर

नको! बोल्टने ओढू नकोस, गिअरबॉक्सचा बोल्टचा कान तुटेल नाहीतर क्लच प्लेट वाकेल. फट राहते म्हणजे क्लच प्लेट मधोमध नाही. गिअरबॉक्स मागे घे, प्रेशर प्लेट ढिली कर, प्लेट मधोमध आणून परत घट्ट कर. त्यासाठी प्लॅस्टिकचा अलाइनमेंटचा पाइप मिळतो, नसेल तर गोटीचं एक्स्टेंशन आणि त्याला टेप गुंडाळून कर. प्लेटची बाजू उलटी तर लागली नाही ना तेही बघ. सगळं सरळ असलं की गिअरबॉक्स हाताने हलवत हलवत आपोआप आत जातो आणि टक करून चिकटतो. तो आवाज आल्याशिवाय बोल्ट लावायचा नाही. आणि मधल्या वेळात गिअरबॉक्सचं वजन शाफ्टवर लटकत ठेवू नकोस, खाली ठोकळा घाल.

अठ्ठ्याण्णवची_आठशे

टक झालं. प्लेट खरंच दोन-तीन मिलिमीटर खाली होती. धन्यवाद काका.

राजेंद्रनगरवाली

स्टार्ट करायच्या आधी घाई करू नका हं. प्लग काढून नुसता स्टार्टर मारा, थोडं थोडं, डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत. सगळीकडे ऑइल पोचल्याशिवाय नव्या शेलवर जोर नको. आम्ही ते केलं होतं. पाणी भरताना हीटर गरमवर उघडा ठेवा म्हणजे हवा अडकत नाही. प्लगच्या वायरी १-३-२ अशा फायरिंगने, म्हणजे सिलिंडर पेटायच्या क्रमाने लावा.

अठ्ठ्याण्णवची_आठशे

काल संध्याकाळी चालू झाली. पहिल्यांदा नुसतीच फिरत राहिली, मी घाबरलो, बाबा म्हणाले कार्बोरेटर रिकामा आहे, पेट्रोल पोचू दे, थांब. चौथ्या वेळी पकडली. थोडा पांढरट धूर आला, लावताना चोपडलेलं ऑइल जळत होतं, दहा मिनिटांत साफ. एका पाइपच्या क्लिपमधून पाणी ठिबकत होतं, घट्ट केली. वीस मिनिटं चालवून बंद केली. ऑइलचा एक थेंब खाली नाही. टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर सेट केला.

बाबा बॉनेटला कान लावून उभे होते, म्हणाले टॅपेटचा (वॉल्व्हच्या फटीचा) आवाज येतोय, तिसऱ्याचा एक. आज सकाळी थंड इंजिनवर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघितलं तर खरंच एक ढिला होता. तो मीच लावला होता. बरोबर केला, आता शिलाईच्या मशीनसारखी चालतेय.

सकाळी खजराण्याच्या गणपतीला नेऊन आणली. आई पुढे बसली होती.

पीथमपूर_फिटर

फार आनंद झाला बाळा. पहिले १००० किलोमीटर उंच गिअरमधे ओढू नकोस आणि एकाच स्पीडने लांब चालवू नकोस, वेग कमी जास्त करत राहा, रिंगा तशाच बसतात. पहिलं ऑइल ५०० ला बदल, त्यात चमकी दिसेल, थोडी असतेच. घाट त्यानंतर.

अठ्ठ्याण्णवची_आठशे

(दोन महिन्यांनी)

१४०० किलोमीटर झाले. ऑइल काडीवर जिथे होतं तिथेच आहे. कंप्रेशन परत मोजलं: १७०, १६८, १७०.

रविवारी भैरव घाट चढलो, बाबा आई मावशी आणि मी. दुसऱ्यावर न थांबता. वरती पोचल्यावर मावशी म्हणाली, इथूनच चालत आलो होतो ना गं आपण.

देवासकर

वाचून खूप बरं वाटलं. मी पण एक १९९९ ची बघून ठेवली आहे इथे, इंजिन थकलेलं पण नंबर जुळतो, कागद साफ. तिवई मिळेल का दादा दोन-तीन आठवड्यांसाठी?

अठ्ठ्याण्णवची_आठशे

या की. मागच्या भिंतीला उभी आहे, तिन्ही पाइप आणि पायाची साखळी. टेम्पो घेऊन या, दहा फुटी आहेत. चेनकुप्पी काकांची आहे, त्यांना विचारावं लागेल.

पीथमपूर_फिटर

विचारायचं काय त्यात, घेऊन जा. कंप्रेशनचे आकडे आधी टाका इथे.